प्रश्न क्रमांक अकरा

मोहाडीच्या पुढे, कालव्याला लागून असलेल्या बागेत
जेवणाच्या सुट्टीत मी फॉर्म उघडते.
छत्तीस प्रश्न, प्रत्येकाला चार चौकटी:
कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, जवळजवळ रोज.

हे प्रश्न इथले नाहीत.
मेक्सिकोहून कॅलिफोर्नियात द्राक्षं खुडायला गेलेल्या
मजुरांसाठी कुणीतरी ते स्पॅनिशमध्ये रचले,
मग ते इंग्रजीत आले, मग आमच्या विभागात,
आणि कॉलेज रोडवरच्या एका खोलीत
मी आणि शलाका चार रात्री
त्यांना मराठी नेसवत बसलो.
निऱ्या काही नीट बसल्या नाहीत.

‘नेर्विओस’ या एका शब्दावर अख्खी रात्र गेली.
नसांचा आजार म्हणावं तर डॉक्टर हसतील,
घाबरणं म्हणावं तर आखूड पडतं.
सर फोनवर म्हणाले, चिंता लिहा आणि पुढे चला.
आम्ही चिंता लिहिलं.

हौसाबाई भोये. वय?
“लिही चाळीस. नाहीतर पस्तीस लिही,
काम तेवढंच निघतं.”
गाव सुरगाण्याच्या अंगाला. दसऱ्यापासून इथे टोळीत.
मांडीवर विरळणीची कात्री, भाकरीवर मिरची.

झोप लागत नाही, असं होतं का?
“शेडमध्ये एकवीस माणसं.
झोप नाही लागत बाई, नंबर लागतो.”

एकटं वाटतं?
ती माझ्याकडे बघते, मग शेडकडे.
“एकटं व्हायला जागा दाव.”
मी ‘कधीच नाही’वर पेन टेकवते
आणि उचलून घेते.

प्रश्न अकरा. चिंता.
“चिंता मालकाला. आभाळ आलं की तो
रात्रभर गच्चीवर येरझाऱ्या घालतो.
माझं तसं नाही. मला दचक बसलीय.
पोरीला आश्रमशाळेत सोडलं,
एसटी घाटात वळली
आणि जीव तिथंच उतरला.
मी आले. तो नाही आला.”

मी शेवटचं पान उलटते.
तळटीप, बारीक अक्षरात:
‘सुस्तो. धक्क्यानं जीव अंग सोडून जातो,
माणूस मात्र कामावर जात राहतो, अशी तिथली समजूत.’
त्यावरचे तीन प्रश्न आम्ही काढून टाकले होते.
शेजारी लाल पेनानं, माझ्याच अक्षरात:
इथे लागू नाही.

मी तिला सांगते. लांबच्या त्या देशाचं,
तिथल्या बागांचं, त्या बायांचं.
तिची भाकरी हातातच राहते.
“मग तिचा कुठं राहिला जीव?”
कुणाचा?
“त्या बाईचा. काय सांगितलं तिनं?”

मी निकालांचा तक्ता शोधते.
दोन पूर्णांक तीन, मावशी. सरासरी आहे नुसती.
“म्हंजे?”
म्हणजे सगळ्यांचं एकत्र करून, समान वाटून.
“हां. मुकादम करतो तसं.”

शिट्टी होते.
ती मांडवाखाली शिरते, मान मागे टाकून
घडातले मणी कापत सुटते.
शंभर ठेवायचे, बाकीचे खाली.
हिरवे, टणक, माझ्या पायांवर टपटप.
वरून आवाज येतो,
“विचार गं तिला,
तिकडं घडाला किती ठेवतात!”

रात्री माहिती भरताना स्क्रीन लाल होते:
प्रश्न अकरा रिकामा ठेवता येणार नाही.
शलाका म्हणते, दोन टाक ना, काय फरक पडतो.
मी पाणी प्यायला उठते.
दाराशी काढलेल्या सँडलच्या पट्ट्यात
एक मणी अडकून राहिलेला.
का कोण जाणे, चावून पाहते.
आंबट, तुरट, वर औषधाची कडू साय.
बेसिनमध्ये थुंकते,
चूळ भरते, पुन्हा भरते.
चव जात नाही.

लॅपटॉप अजून लालच.